पॉइंट झिरो झिरो थ्री

कँटीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं खुर्च्यांवर उभी होती, टेबलांवर उभी होती, आणि चहावाला स्वतःच काउंटरवर चढून बसल्यामुळे चहा कुणालाच मिळत नव्हता. त्याची कुणी तक्रारही करत नव्हतं. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या पडद्याला चिकटले होते.

पडद्यावर अकरा आडव्या पट्ट्या होत्या. एकेक पट्टी म्हणजे संगणकाची एकेक भाषा, आणि अकराही जणींना गणित एकच घातलेलं: अमुक पत्त्यावरून फोन आला आहे, चाळीस अ‍ॅम्ब्युलन्स चाळीस ठिकाणी उभ्या आहेत, रस्ते असे, गर्दी तशी, तर कुठली गाडी पाठवावी? ज्या भाषेला जितका वेळ लागेल तितकी तिची पट्टी लांब. दहा पट्ट्या रखडत रखडत पुढे सरकल्या. कुणी आठ सेकंदांवर थांबली, कुणी नऊवर, एक बिचारी चौदापर्यंत गेली. अकरावी पट्टी उमटलीच नाही. तिच्या जागी नुसता एक ठिपका होता आणि ठिपक्यापुढे आकडा: ०.००३.

"पॉइंट झिरो झिरो थ्री," पडद्याशेजारी उभे असलेले गृहस्थ हळूच म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनी तोच आकडा एकमेकांना सांगितला आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. आवक-जावक कारकुनाने चष्मा काढून डोळे पुसले. त्याला संगणकातलं ओ की ठो कळत नसे, पण डोळे पुसायला ते लागतही नाही.

या आठवड्यात आपली नवी भाषा दाखवायला आलेल्या त्या गृहस्थांना अ‍ॅम्ब्युलन्सच्या या कार्यालयात वेगाचार्य म्हणत. पहिल्या दिवशी थट्टेने, तिसऱ्या दिवसापासून मनापासून. अंगात काळा सदरा, पायात बूट, बुटांत मोजे नाहीत. कीबोर्डला हात लावण्याआधी ते डोळे मिटून दोन्ही तळवे त्यावर अधांतरी धरत आणि बारीक आवाजात बोलू लागत. "वेग बाहेरून आणावा लागत नाही. यंत्राच्या आत तो असतोच. आपण त्याच्या वाटेत येतो. आपण बाजूला झालो की वेग प्रकट होतो." एवढं झालं की सगळे जण नकळत अर्धं पाऊल मागे सरत, म्हणजे न जाणो आपणच वाटेत असू.

त्यांच्या भाषेचं नाव झेप. ही भाषा थेट खऱ्या यंत्रावर चालत नसे. तिचं एक व्हर्च्युअल मशीन होतं, म्हणजे खऱ्या यंत्राच्या पोटात नुसत्या प्रोग्रॅमने उभं केलेलं दुसरं, आभासी यंत्र. आपण लिहिलेलं आधी ते वाचतं, त्यातलं काय करायचं ते ठरवतं आणि मग खऱ्या यंत्राकडून करून घेतं.

वेगाचार्यांच्या अटी दोन. पहिली, वेळ मोजण्याआधी यंत्र तापवायचं. गणित चार वेळा न मोजता चालवायचं आणि तेवढा वेळ सगळ्यांनी मौन पाळायचं, साधारण अर्धं मिनिट. दुसरी, उत्तर पडद्यावर छापायचं नाही. छपाईला वेळ लागतो, त्याने मोजमाप बिघडतं, आणि त्यांच्या शब्दांत सांगायचं तर वेग विटाळतो. ही अट अकराही भाषांना सारखीच होती, त्यामुळे तिच्यात पक्षपात म्हणून शोधायला गेलं तरी सापडला नसता.

या सगळ्या गर्दीत टाळ्या न वाजवणारं माणूस एकच होतं. खांबाला टेकून उभ्या असलेल्या त्या बाईला सगळं कार्यालय वहिनी म्हणे. आज गाड्या ठरवणारा जो प्रोग्रॅम होता तो तिनेच अकरा वर्षांपूर्वी लिहिला होता, अशा एका जुन्या भाषेत जी आता नवीन कुणी शिकत नाही. पडद्यावरची नऊ सेकंदांची पट्टी तिची होती. ती वहिनी झाली त्याला कारण तिची नणंद. ही नणंद खालच्या मजल्यावरच्या कंट्रोल रूममध्ये अठरा वर्षं फोन घेत होती, आणि तिने भर कार्यालयात एकदा "वहिनी, डबा विसरलीस" अशी हाक मारल्यापासून एक वहिनी झाली आणि दुसरी, ओघानेच, सगळ्यांची वन्सं झाली. दोघी एका घरात राहत, एका गाडीने येत आणि दिवसातून दोनदा तरी एकमेकींवर रुसत.

वन्संना एक खोड होती. कुणीही "पाठवली" म्हटलं की त्या विचारायच्या, "गाडी नंबर?" फार वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना पाठवली म्हणून सांगितलं होतं आणि पाठवली नव्हती. त्या दिवसाबद्दल त्या बोलत नसत. पण तेव्हापासून नंबर कानांवर पडल्याशिवाय त्यांच्या लेखी गाडी निघालेलीच नसे.

आता साहेबांची योजना. साहेब माणूस वाईट नव्हते, त्यांना फक्त आकडे फार आवडत. गाडी ठरवायला नऊ सेकंद लागत होते, आता तीन हजारांश सेकंद लागणार, मग एकाच शहरापुरतं कशाला थांबायचं? आजूबाजूच्या आठ गावांच्या कंट्रोल रूम सोमवारी सकाळी बंद होणार होत्या. नऊही ठिकाणचे फोन इथे, एकाच यंत्रावर, एकामागून एक. जुना प्रोग्रॅम रविवारी कायमचा बंद. दारावर लावायची नवी पाटी रंगवूनही आली होती आणि साहेबांच्या कपाटाला टेकवून ठेवली होती.

वहिनीने तीन दिवसांत तीन गोष्टी तपासल्या. आधी तिला घड्याळाचा संशय आला, कारण आभासी यंत्राचं घड्याळही आभासी असू शकतं. म्हणून तिने मोबाइलवरचं स्टॉपवॉच हातात धरलं. बोट दाबेपर्यंत झेपचं काम झालेलं होतं. घड्याळ खरं निघालं. मग तिला वाटलं, उत्तर आधीच काढून ठेवलं असेल. तिने ऐनवेळी पत्ता बदलला. तरी पॉइंट झिरो झिरो थ्री. शेवटी गुरुवारी तिने भर कँटीनमध्ये सांगितलं की एक फोन नको, एकदम दहा फोन द्या.

त्या दिवशी मौन जरा लांबलं. पाच मिनिटं होत आली तसे लोक चुळबुळ करू लागले, पण वेगाचार्य म्हणाले की मोठ्या कामाला मोठं तापणं लागतं, ते सगळ्यांना पटलं. मग खरी मोजणी झाली. वहिनीच्या प्रोग्रॅमला नव्वद सेकंद लागले. झेपला पॉइंट झिरो झिरो थ्री.

आता मात्र लोक वेडे व्हायचे बाकी राहिले. काम दहापट आणि वेळ तेवढाच. एका ड्रायव्हरने वेगाचार्यांच्या बुटांना हात लावला. वहिनीला मात्र त्या आकड्यात भलतंच काही दिसत होतं. ती पुढे गेली आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, दहापट काम करायला जर जास्त वेळ लागत नसेल, तर काम होतच नसेल. एकदा नीट बघू या. सोमवारचं पुढे ढकला."

साहेब मायेने हसले. "वहिनी, तुमचं अकरा वर्षांचं लेकरू आहे ते. त्रास होणारच. आम्हाला कळतं."

मागून कुणीतरी पोटदुखी हा शब्द उच्चारला आणि हशा पिकला. वहिनी जिन्यात जाऊन उभी राहिली. तिला फार लागलं होतं. त्याहून वाईट म्हणजे ते खोटं आहे अशी तिची स्वतःची खात्री पटेना. प्रोग्रॅम जाणार याचं दुःख तिला होतंच. मग संशय खरा कुठला आणि दुखरा कुठला, हे कसं ओळखायचं?

संध्याकाळी घरी ती भाजी चिरत होती आणि वन्सं समोर बसून तिला उपदेश करत होत्या. त्यांचं म्हणणं असं की भांडायचं होतं तर आवाज चढवून भांडायचं, जिन्यात कशाला जायचं. वहिनीचा नवरा सोफ्यावर पेपर वाचत होता. पाण्याचा दिवस नव्हता, म्हणून वन्संनी तिथूनच विचारलं, "दादा, गच्चीवरची टाकी बघितलीस का?"

"बघितली," पेपरामागून उत्तर आलं, विचारता क्षणी.

"किती आहे?"

पेपर खाली आला. मग सोफा करकरला. मग चपला शोधल्याचा आवाज, दार उघडल्याचा आवाज आणि जिन्यावर वर वर जाणारी पावलं. बऱ्याच वेळाने ती खाली आली आणि नवरा धापा टाकत म्हणाला, "पाऊण."

"हा रोज असंच करतो," वन्सं म्हणाल्या. "बघितली का विचारलं की बघितली. किती विचारलं की मग चढतो."

वहिनीची सुरी भाजीत तशीच राहिली. किती आहे हे कुणी विचारणार नसेल, तर माणूस गच्चीवर जातोच कशाला?

"वन्सं," ती म्हणाली, "उद्या एक काम कराल? मी विचारलं तर ती पोटदुखी होईल. तुम्ही विचारा."

"काय विचारू?"

"तुम्ही रोज विचारता तेच."

शुक्रवारी आठ गावांचे प्रतिनिधी आले होते, म्हणून कँटीनमध्ये कालच्यापेक्षा जास्त गर्दी होती. वेगाचार्यांनी तळवे अधांतरी धरले. मौन झालं. दहा पट्ट्या रखडल्या, अकराव्या जागी ठिपका उमटला आणि पॉइंट झिरो झिरो थ्री झालं. प्रतिनिधींची तोंडं उघडीच राहिली. टाळ्यांचा कडकडाट ओसरेपर्यंत वन्सं गळ्यात हेडफोन अडकवून तशाच उभ्या राहिल्या, आणि मग फोनवर बोलतात त्या सपाट आवाजात त्यांनी विचारलं, "गाडी नंबर?"

वेगाचार्यांना ऐकू आलं नसावं. वन्संनी पुन्हा विचारलं.

"ताई, इथे आपण फक्त वेग पाहतो," वेगाचार्य म्हणाले.

"वेग बघितला. छान आहे. पण तुम्ही आता गाडी ठरवलीत ना? कुठली ठरवलीत?"

"उत्तर आत आहे."

"मग बाहेर काढा. सोमवारी ड्रायव्हरला मी काय सांगू, आत आहे म्हणून?"

ड्रायव्हर हसले. वेगाचार्यांनी समजावलं की छपाईने वेग विटाळतो, मोजमाप अशुद्ध होतं, हे शास्त्र आहे. वन्संना शास्त्र मान्य होतं. त्या म्हणाल्या की घड्याळ थांबवा आणि मग छापा, म्हणजे विटाळ लागणार नाही. अकराही भाषांना तसंच करा. एक नंबर, दोन आकडे, आणखी काही नको. वेगाचार्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी आठ प्रतिनिधींकडे पाहिलं. आठही जण वन्संकडे पाहत होते, कारण त्यातल्या पाच जणांनी स्वतः फोन घेतलेले होते आणि त्यांच्याही मनात आता तोच प्रश्न आला होता.

"एक ओळ घाला," साहेब म्हणाले. "त्यात काय आहे."

वेगाचार्य म्हणाले की आज यंत्राची वृत्ती बरी नाही. तेव्हा ती ओळ वहिनीने घातली. घड्याळ थांबल्यानंतर, गाडीचा नंबर छापा. बाकी एका अक्षराला तिने हात लावला नाही. पुन्हा तापवणं झालं, पुन्हा मौन झालं आणि मोजणी सुरू झाली. सगळे ठिपक्याची वाट पाहत होते. अकराव्या जागी एक बारीक पट्टी उमटली आणि बाकीच्या दहांसारखीच रखडत निघाली. एक सेकंद, दोन, तीन. कँटीनमध्ये फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. सातवर पट्टी थांबली आणि खाली आकडा आला: गाडी नंबर एकोणीस.

"एकोणीस," वन्संनी सवयीने मोठ्याने म्हटलं.

वहिनीने ओळ काढली. पॉइंट झिरो झिरो थ्री. ओळ घातली. सात. मग तिने ओळ काढली आणि तिच्याबरोबर सगळं गणितच पुसून टाकलं. पत्ता, गाड्या, रस्ते, सगळं. उरलं फक्त घड्याळ सुरू करा आणि घड्याळ बंद करा. चालवलं. पॉइंट झिरो झिरो थ्री.

"हे तीन हजारांश सेकंद घड्याळाचेच आहेत," ती म्हणाली. "झेपच्या आभासी यंत्राला दोष देऊ नका. ते हुशार आहे. चार वेळा चालवताना ते बघतं की या उत्तराचं पुढे काय होतंय. छापत नाहीत, साठवत नाहीत, कुणाला सांगत नाहीत. मग ते ठरवतं, हे काम केलं काय आणि न केलं काय, सारखंच. आणि गाळून टाकतं. बाकीच्या दहा भाषा भोळ्या. सांगितलं की राबतात. तुम्ही जे मौन पाळत होतात ना, त्या अर्ध्या मिनिटात खरं काम व्हायचं, सात सेकंदांचं, चार वेळा. काल दहा फोन दिले तर मौन पाच मिनिटांचं झालं, ते त्यामुळे. मोजायला घ्यायचो तेव्हा काम उरलेलंच नसायचं."

"आमच्या दादासारखं," वन्सं म्हणाल्या. दादा कोण ते पुष्कळांना माहीत नव्हतं, तरी हसले सगळे.

साहेब हसले नाहीत. ते खिशातला कागद काढून गणित करत होते. नऊ गावं मिळून गर्दीच्या तासाला दर चार सेकंदांनी एक फोन. एका फोनला सात सेकंद. तासाभरात नऊशे फोन येणार आणि शेवटच्या फोनचा नंबर लागायला पाऊण तास. त्यांनी ते दोनदा केलं आणि दोन्ही वेळा पाऊण तासच आला. सोमवारी कुणाच्या तरी घरी कुणीतरी छातीवर हात धरून पाऊण तास बसलं असतं, नुसतं कुठली गाडी ते ठरायला. त्यांनी तो कागद वहिनीपुढे धरला.

वेगाचार्य पिशवी भरत होते. एका प्रतिनिधीने त्यांना विचारलं की हे तुम्हाला ठाऊक होतं का. ते म्हणाले की चौदा कार्यालयांत हा प्रयोग झाला आणि उत्तर आजवर कुणी मागितलं नव्हतं. ही तक्रार ते अगदी दुखावलेल्या सुरात करत होते. इथली मनं पुरेशी तापलेली नाहीत, असं म्हणून ते निघाले, आणि ज्या ड्रायव्हरने काल त्यांच्या बुटांना हात लावला होता त्याने दार उघडून धरलं.

आता गावी जाऊन काय सांगू, असं त्या प्रतिनिधीने वहिनीला विचारलं. तिला भाषण करता येत नव्हतं. ती म्हणाली, "वेग दाखवणारा आला तर त्याला किती वेळ लागला ते नंतर विचारा. आधी विचारा, उत्तर काय आलं. मग ते उत्तर बरोबर आहे का ते स्वतः बघा. आणि विचारणाऱ्याला कुणी पोटदुखी म्हटलं, तर तेवढा वेळ पोट दुखू द्या, पण विचारणं थांबवू नका. मला कालपर्यंत वाटत होतं की मी जळते. जळत होतेच. पण म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही."

पाटी अजून साहेबांच्या कपाटामागे आहे, तोंड भिंतीकडे करून. आठही गावांच्या कंट्रोल रूम आपापल्या जागी आहेत. साहेबांनी नियम केला आहे की कुठल्याही चाचणीत वेळेच्या शेजारी उत्तर छापायचं. घरी नवरा आता न विचारता सांगतो, "टाकी बघितली, अर्धी," आणि वन्संना अर्धीचा संशय येतो, तो वेगळा विषय.

सोमवारी सकाळी वहिनी खाली वन्संच्या शेजारी जाऊन बसली. अकरा वर्षांत ती कधी तिथे बसली नव्हती. फोन आला. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, नवरा न्हाणीघरात पडला म्हणून सांगत होती. वन्संनी पत्ता घातला. जुना प्रोग्रॅम चालू झाला. वहिनीने मनात मोजायला सुरुवात केली आणि तिला पहिल्यांदा कळलं की नऊ सेकंद केवढे मोठे असतात. ती बाई तेवढ्या वेळात दोनदा "हॅलो" म्हणाली. झेपमुळे यातले दोन सेकंद खरोखर वाचणार होते. चमत्काराचे नाहीत, मोजलेले, उत्तरासकट. वहिनीने ठरवलं की आपला प्रोग्रॅम आपल्याच हाताने झेपमध्ये लिहून काढायचा, आजपासून. वाईट वाटलं तिला, पण ठरवलं.

"गाडी पाठवली आजी," वन्सं फोनमध्ये म्हणाल्या.

पलीकडून म्हातारीने काहीतरी विचारलं. वन्सं वहिनीकडे पाहून चक्क हसल्या.

"सव्वीस," त्या म्हणाल्या. "गाडी नंबर सव्वीस."